मृग ते भोगी: धावण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलंय: नारळी पौर्णिमेला, म्हणजे १९ ऑगस्टला, सलग तीस मिनिटं न थांबता पळायचं. अंतर मोजायचं नाही, वेग मोजायचा नाही. मधे बरोबर नऊ आठवडे आहेत.

मे महिन्यातल्या तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचं माप, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, "रोज चाला" म्हणाले, आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू असं सांगितलं. आमच्या पतसंस्थेत चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांना हाच सल्ला मिळालेला आहे आणि बहुतेकांचं चालणं महिन्याभरात सुटतं. त्यावर मी बराच विचार केला. "रोज चाला" यात पोहोचण्याचं ठिकाणच नाही. आज चाललं तरी उद्या पुन्हा तेवढंच शिल्लक. रक्ताचा आकडा तर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. आज पहाटे गाळलेल्या घामाची पोच त्याच्याकडून पावसाळा सरेपर्यंत मिळायची नाही. म्हणून हा प्रकल्प. जवळची तारीख, हो की नाही एवढंच उत्तर असलेली कसोटी, आणि दोन्ही माझ्या मीच ठरवलेल्या.

पद्धत नवी शोधायची गरज नव्हती. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं १९९६ मध्ये नऊ आठवड्यांचा एक आराखडा केला होता, पन्नाशीच्या आईला पळता यावं म्हणून. आठवड्यातून तीनच दिवस. आधी पाच मिनिटं भरभर चालायचं. मग एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. दर आठवड्याला पळण्याचा तुकडा वाढत जातो, चालण्याचा कमी होतो. पोटापाण्याचं सांभाळून जमेल असं हे पहिलं वेळापत्रक मला दिसलं.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिल-मेत पारा ४३ च्या वर जाणाऱ्या या सोलापुरात जूनच बरा. मृगाच्या दोन सरी पडून गेल्यात, पहाटे जरा निवतं.

२३ जून, रविवार

पहिला आठवडा झाला. जागा होम मैदान. घरापासून चालत जाता येतं, वर्दळ असते म्हणून अंधारातही भीती वाटत नाही. पलीकडे सिद्धेश्वर मंदिराचा कळस आणि किल्ल्याचे बुरूज दिसतात.

एक मिनिट फार मोठं असतं. चाळीस सेकंदांनंतर छाती भरते. पण वेग इतका कमी ठेवायचा की पळता पळता एक वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. हे वाचलेलं तंत्र मला सगळ्यात उपयोगी पडतंय. वेग मोजायला घड्याळ नको, पट्टा नको. वाक्य तुटलं की पाय आवरायचे. मी गणपती स्तोत्राची एक एक ओळ म्हणते.

पाण्याचा प्रश्न मात्र लगेच पुढं आला. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी पहाटे येतं. पहाटे पाणी आलं की घरातली बाई पळायला जाऊ शकत नाही, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मांडलेली एक साधी गोष्ट इथं कामाला आली: नुसतं "मी करीन" असं न ठरवता "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं आधीच ठरवून ठेवायचं. तसं ठरवणारे लोक ठरवलेलं जास्त वेळा पार पाडतात. मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावली. पहाटे पाणी आलं तर संध्याकाळी साडेसहाला, कामावरून थेट. पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी. लेकीची परीक्षा असेल तर तिला सोडून परत येताना. या आठवड्यात पाण्यानं एक पहाट घेतली आणि चिठ्ठीनं ती संध्याकाळी परत दिली. त्या क्षणी विचार करायचा राहिला नव्हता, एवढाच फरक, पण तोच महत्त्वाचा.

१४ जुलै, रविवार

चौथा आठवडा संपला. आता एका दमात पाच मिनिटं पळते. गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरकडं गेली, तेव्हा रस्ते भरलेले होते म्हणून एक दिवस पुढं ढकलला.

शेजारच्या अक्का आता बरोबर येतात. त्या अठ्ठावन्नच्या. लग्न होऊन आल्यापासून घरी विड्या करतात. त्या पळत नाहीत, मैदानाच्या कडेनं चालतात, आणि मी पळून त्यांच्याजवळ आले की विचारतात, "झालं का गं तुझं मिनिट?"

पुढच्या आठवड्याचा तक्ता पाहून मी घाबरले आहे. मंगळवारी आणि गुरुवारी तुकड्या-तुकड्यांत पळायचंय आणि रविवारी एकदम वीस मिनिटं सलग. मधे पायरीच नाही. हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हजार विड्या समोर धरून बसलीस तर हात चालायचा नाही. एक जुडी बांध. मग दुसरी." विड्यांची मजुरी हजारावर मिळते. हजाराचं काम आणि जुडीची नजर, या दोन्ही गोष्टी त्या चाळीस वर्षं एकाच वेळी सांभाळत आल्यात. मी वहीत त्या आठवड्याच्या पानावर "वीस मिनिटं" खोडून "मैदानाच्या फेऱ्या, एका वेळी एक" असं लिहिलं.

२१ जुलै, रविवार

झालं. वीस मिनिटं सलग.

पहिल्या फेरीत मुद्दाम सगळ्यात हळू गेले, इतकी हळू की चालणारे दोन आजोबा माझ्या बरोबरीनं होते. तिसऱ्या फेरीनंतर श्वास आपोआप एका लयीत बसला आणि पाय जड वाटेनासे झाले. कधीतरी असं होतं असं वाचलं होतं, पण माझ्या शरीरात ते होईल यावर विश्वास नव्हता. अक्कांनी मैदानावरच गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

घरी येऊन ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, वाटीभर दही. सुखानं जेवले.

२८ जुलै, रविवार

कामावरच्या लोकांनी फोनवर पावलं मोजायचा गट केलाय. रोज रात्री यादी लागते, कुणाची किती. मला सामील करून घेतलं. पहिले दोन दिवस हुरूप आला. नंतर असं दिसलं की वसुलीला हिंडणारी तरुण पोरं दिवसभरात जेवढी पावलं टाकतात तेवढी मी रजा काढून चालले तरी व्हायची नाहीत. माझा क्रमांक खालून दुसरा. आणि गुरुवारी, पळण्याचा दिवस असूनही, पाय उचलावेसे वाटले नाहीत. मैदानावर गेले नाही.

याबद्दल मी शांतपणे विचार केला, कारण हेच प्रकल्पाच्या मुळाशी आहे. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये आणि पुढं गॅरी लॅथम यांच्याबरोबर दाखवून दिलं की "जमेल तेवढं कर" म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलं तर माणूस जास्त काम करतो. पण त्यांनीच जोडलेल्या अटी लोक विसरतात. ते उद्दिष्ट माणसानं मनापासून स्वीकारलेलं असावं, आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहावं, आणि काम नवं असेल तर आधी निकालाचं नव्हे, शिकण्याचं उद्दिष्ट असावं. गटाच्या यादीत यातलं एकही नाही. माझा क्रमांक माझ्या पायांवर ठरत नाही, दुसऱ्याच्या नोकरीवर ठरतो. मी पळाले तरी घसरू शकते आणि नाही पळाले तरी वर येऊ शकते. अशा आकड्यानं रोज सकाळी कुणाला उठवावं?

ज्यांना चढाओढीनं बळ येतं त्यांनी जरूर खेळावं. मी गटातून बाहेर पडले आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी गरम भजी नेली.

११ ऑगस्ट, रविवार

पंचवीस मिनिटांच्या पुढं गेले. मधे नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं होतं. दोन वेळा पळणं वगळून नुसतं चालले, बर्फ लावला, उतरलं. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं सगळीकडं सांगतात. नेदरलँड्समध्ये नव्यानं पळणाऱ्यांवर तो नियम तपासला तेव्हा पाळणाऱ्यांत आणि न पाळणाऱ्यांत दुखापती जवळपास सारख्याच निघाल्या. त्यामुळं टक्केवारीपेक्षा नडगीचं ऐकते.

या आठवड्याची खरी नोंद मात्र वेगळी. ८ तारखेच्या मध्यरात्री एकच्या पुढं लेक आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. पॅरिस ऑलिंपिक, ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळे ओलांडत पळायची) अंतिम शर्यत, आणि त्यात अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा. बीड जिल्हा म्हणजे आमच्या जवळचाच मुलूख, तीच कोरडवाहू जमीन, तीच पाण्याची वाट पाहणारी माणसं. या प्रकारात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेलेला तो पहिला भारतीय पुरुष. अकरावा आला, ८ मिनिटं १४.१८ सेकंद. लेक हिरमुसली. "अकरावा म्हणजे काहीच नाही ना गं आई?"

मी तिला रात्री दीड वाजता वही उघडून आकडे लिहून दाखवले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा वेळ होती ८:२९.८०. त्यानंतर तो विक्रम त्यानं स्वतःच पुन्हा पुन्हा मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, रौप्यपदक. आणि महिन्यापूर्वी, ७ जुलैला, पॅरिसमध्येच डायमंड लीगला ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद. हे वीस सेकंद त्यानं कधी सेकंदभर, कधी तीन-चार सेकंद असे मिळवले, आणि दर वेळी समोर मापाला होती ती त्याचीच आधीची वेळ. देशात त्याच्या पुढं दुसरं कुणी नव्हतंच. ऑलिंपिकमधला अकरावा क्रमांक खरा आहे आणि हे वीस सेकंदही खरे आहेत. लेकीनं तो कागद अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलाय. तिची दहावी आहे. गणिताच्या चाचणीचे गुण ती आता त्याच्या खाली लिहिते, फक्त स्वतःचे.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

तीस मिनिटं. सलग.

आज मार्कंडेयांचा रथ निघतो. पूर्व भागात पहाटेपासून लगबग. अक्कांच्या घरी सण, तरी त्या मैदानावर आल्या, मग घरी जाऊन रथाला गेल्या. दुपारी मीही गेले. अख्खा पद्मशाली समाज रस्त्यावर असतो.

वहीत या तारखेपुढं बरोबरची खूण केली. आता उद्या सकाळी कशासाठी उठायचं, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत मनात आला. उद्दिष्ट पुरं झाल्यावर लोक थांबतात त्यामागं आळसच असतो असं नाही, पुढची तारीख नसते. दुसरं उद्दिष्ट या आठवड्यातच ठरवायला हवं.

१ सप्टेंबर, रविवार

ठरलं, आणि ते अक्कांनी ठरवलं.

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रांग ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. रात्रभर रस्ता माणसांनी वाहतो. कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून आलेले लोक असतात, बायका, म्हातारी माणसं, खांद्यावर पोर घेतलेले बाप. गावोगावी चहा, केळी, पाय दाबून द्यायची सेवा. अक्का दर वर्षी जातात. सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. मॅरेथॉन ४२.१९५ ची. म्हणजे आमच्या शेजारच्या अक्का वर्षातून एकदा, रात्री, चप्पल घालून, मॅरेथॉनपेक्षा जास्त अंतर चालतात आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन विड्यांना बसतात. इतकी वर्षं मी त्यांना फक्त "जाऊन आलात का? दर्शन झालं का?" एवढंच विचारत आले.

या वेळी मी नीट विचारलं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते. श्रावण लागला की मुलीच्या घरी जाताना रिक्षा बंद. गणपती बसले की रूपाभवानीच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायचं. नवरात्रात रोज. "दिवस ठरलेला आहे गं. आईनं ठरवलाय. आपण फक्त पाय तयार ठेवायचे." आणि वाटेत कंटाळा आला, पाय दुखले तर? "मागं वळायचं तर गर्दीच्या उलट जावं लागतं. पुढंच सोपं."

सहज म्हणून बोललेल्या या चार वाक्यांत मला हवं ते सगळं आहे. न हलणारी तारीख, ओळखीची जागा, हळूहळू वाढणारी तयारी, बरोबर चालणारी माणसं.

माझं दुसरं उद्दिष्ट: दसऱ्याच्या आत तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावापर्यंत एकदा पळत जायचं, आणि कोजागरीला अक्कांबरोबर तामलवाडीपर्यंत चालायचं. पूर्ण तुळजापूर या वर्षी नाही. अर्धी वाट.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपतीनंतर ताप आला. सांधे धरले. पळणं पूर्ण बंद. परतीचा पाऊस यंदा जोरात आहे. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरमध्येच पडतो. मैदानाच्या कडेला काळी माती इतकी चिकट झालीय की बूट उचलत नाही.

अंथरुणावर पडून वाचलं ते इथं ठेवते, कारण मन फार खचलं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मधला आकडा ६६ दिवस, पण कुणाला १८ लागले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाच्या सवयींना जास्त वेळ लागला. आणि मला धीर देणारी गोष्ट ही की मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्यात काही फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडं ऐकू येतं त्याला या अभ्यासात आधार नाही. एकविसाव्या दिवशीही उठायला जड गेलं म्हणून आपल्यातच खोट आहे असं मानणाऱ्या माणसापर्यंत हे पोहोचायला हवं.

आठवडाभर विश्रांती जास्त घ्यायची. मग पुन्हा सहाव्या आठवड्याच्या तक्त्यापासून. हिप्परगा पळत जाण्याचं दसऱ्याच्या आत होणार नाही. ती तारीख डिसेंबरवर नेते. कोजागरी मात्र हलणार नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कोजागरीच्या रात्री चालले. तामलवाडीपर्यंत.

संध्याकाळी रूपाभवानीला नमस्कार करून निघालो. पहिल्या टप्प्यात मी पुढं पुढं जात होते. अक्का मागून म्हणाल्या, "हळू. रात्र मोठी आहे." पुलावरून खाली पाहिलं तर हिप्परग्याचं पाणी चांदण्यात चमकत होतं. उळे गावाच्या पुढं पायांचे तळवे तापले. एका मंडळानं मीठ-लिंबाचं पाणी दिलं. एक बाई नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा एकटी निघाली होती. ती आमच्याबरोबर चालू लागली आणि तिनं सगळ्या वाटेत तिच्या म्हशीच्या आजारपणाबद्दल सांगितलं. तिच्या बोलण्यात दोन गावं कधी मागं पडली कळलं नाही.

तामलवाडीला मी थांबले. भाऊ गाडी घेऊन आला होता. अक्का आणि ती बाई पुढं गेल्या. त्यांच्याबरोबर जावंसं फार वाटलं. पाय अजून चालले असते. तरी थांबले. पुढच्या वर्षासाठी अर्धी वाट शिल्लक ठेवली आहे, आणि ती शिल्लक आहे हे आतापासूनच बरं वाटतंय.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

रक्ताचा अहवाल: ५.८. पट्ट्यातच आहे, पण काठाला. डॉक्टरांनी तीन वेळा पाहिलं. "काय केलंत?" मी वही दाखवली.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. मी बहुतेक आठवड्यांत खालच्या टोकाच्या जरा पुढं असते.

तिसरं उद्दिष्ट. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर महाराजांनी, या गावाच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, या सगळ्या लिंगांना तेल वाहायला निघतात. मी सोलापुरात जन्मले, दर वर्षी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जाते, आणि यातली मोजकीच लिंगं मला माहीत आहेत. मंदिरात विचारून यादी केली. भोगीच्या आत सगळ्या लिंगांपर्यंत पळत जायचं. दर रविवारी जमतील तेवढी. बूट बाहेर काढायचे, हात जोडायचे, पुढं निघायचं.

१ डिसेंबर, रविवार

हे उद्दिष्ट आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळं वागतंय. तीस मिनिटांच्या वेळी मला घड्याळाकडं पाहावं लागायचं. आता शनिवारी रात्रीच नकाशा घेऊन बसते. काही लिंगं तलावाकाठी, काही किल्ल्याच्या अंगाला, काही पेठांतल्या गल्लीत अशी दडलेली की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं आतून वाट दाखवावी लागते. एका ठिकाणी वाड्याच्या म्हाताऱ्या मालकिणीनं कन्नडमध्ये चौकशी केली, मराठीत चहाचा आग्रह केला, आणि घामेजलेल्या डोक्यावर हात ठेवला. पळून झाल्यावर पाहते तर सात किलोमीटर झालेले असतात. किलोमीटर हे उद्दिष्ट असतं तर मी पाचाला थांबले असते.

आकड्यांच्या ओढीबद्दल अमेरिकेतल्या काही संशोधकांचा २०१७ चा अभ्यास वाचला. मॅरेथॉनच्या जवळपास एक कोटी वेळा तपासल्या तर तीन तास, साडेतीन तास, चार तास यांच्या जरा अलीकडं धावपटूंची दाटी दिसते. चार तास एक मिनिट आणि तीन तास एकोणसाठ मिनिटं यांत शरीराच्या दृष्टीनं फरक नाही, पण माणसं शेवटच्या टप्प्यात जीव काढून त्या रेषेच्या आत येतात. गोल आकड्यात खरोखर बळ आहे, ते मी नाकारत नाही. मात्र ६८ हा माझ्यासाठी कुठल्याही गोल आकड्यापेक्षा मोठा आहे, कारण तो गावानं आठशे वर्षं सांभाळलेला आहे.

हिप्परगा राहिलाय. थंडी पडलीय, पहाटे स्वेटर लागतो. पुढच्या रविवारी.

८ डिसेंबर, रविवार

हिप्परगा झाला. जाताना पळत, येताना बसनं. तलावावर पाहुणे पक्षी आलेत.

२९ डिसेंबर, रविवार

होम मैदान आता आपलं राहिलं नाही. गड्ड्याचे पाळणे उभे राहतायत, दुकानांचे सांगाडे लागलेत. पळण्याची जागा गेली तर काय, हे चिठ्ठीत आधीच लिहिलेलं होतं: धर्मवीर संभाजी तलावाकडं, विजापूर रस्त्यानं.

रात्री नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो. काल मुद्दाम पाहायला थांबले. उंच काठी, कमरेला पट्टा, एकानं पेलायची आणि बाकीच्यांनी भोवती सावध राहायचं. एका पोराला तोल सांभाळता येईना. वडीलधाऱ्यानं त्याला बाजूला घेऊन फक्त एवढंच सांगितलं, "काल त्या खांबापर्यंत गेलतास. आज त्याच्या पुढं एक पाऊल." पोरगं गेलं, खांबाच्या पुढं दोन पावलं. सगळे ओरडले.

यादीत आता थोडीच शिल्लक. रानात हुरडा पार्टीला बोलावणी येतायत. एक रविवार तिकडं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

शेवटची लिंगं आज. पळायला सुरुवात चार हुतात्मा पुतळ्यांपासून केली. १९३१ मध्ये आजच्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. पुतळ्यांना सकाळीच हार पडले होते. लेक बरोबर होती, सायकलवर. तिला चौघांची नावं पाठ आहेत, त्यांचे व्यवसाय माहीत नव्हते. पळता पळता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं.

यादी पूर्ण. एक दिवस हातात राखून.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

रजा काढली. नंदीध्वज निघाले तेव्हा अक्का आणि मी रस्त्याच्या कडेला होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात काठ्या, हलग्या, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर. या वेळी मिरवणूक कुठल्या वळणावर वळणार आणि गल्लीच्या आत कुणाच्या अंगणात थांबणार हे मला आधीच ठाऊक होतं. अक्कांना सांगत गेले. त्यांनाही त्यातली निम्मी ठाऊक नव्हती.

१९ जानेवारी, रविवार

मैदान मोकळं व्हायला महिनाअखेर उजाडेल. तोवर संभाजी तलाव.

पुढची पानं आखली. मार्चपर्यंत: पाच किलोमीटर पस्तीस मिनिटांत. सध्या एकोणचाळीस लागतात; आता पहिल्यांदा वेळेचं उद्दिष्ट घेतेय, कारण पाय शिकलेत. एप्रिल-मे: उन्हामुळं अंतर आणि वेग दोन्ही बंद, फक्त पहाटे सहाच्या आत परत यायचं, आठवड्यातून तीनदा. जूनमध्ये लेकीची दहावी संपलेली असेल, ती तक्त्याच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करणार म्हणते. कोजागरी: तुळजापूर, पूर्ण.

अक्कांनी आज तलावाच्या कडेनं पदर खोचून एक मिनिट पळून पाहिलं. थांबल्यावर कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आता दीड मिनिट चालायचं, होय ना?" मंगळवारी सकाळी सव्वापाचला भेटायचं ठरलंय. पाणी आलं तर संध्याकाळी.